राघूचा डोळा

"दोन बोटांची चिंधी, अन् तिला अस्तर पायजे, गोट पायजे, नाडा पायजे! माझ्या लग्नातल्या चोळीला येवढा थाट न्हवता. अन् माझी सुई कोणी उचलली म्हन्ते मी? लाल दोरा ओवलेली. हितंच टोचून ठिवली होती."

कस्तुराबाई माझ्या कानाला लागून पुटपुटत होत्या. त्यांचं पुटपुटणंही असं, की ढाळजेच्या, म्हणजे आमच्या दारालगतच्या ओसरीच्या, पार त्या टोकाला वाती वळत बसलेल्या पारूकाकूंनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

सुई हरवली म्हणजे ती कुणाच्या तरी पायातच सापडायची. आम्ही सगळ्या उठलो, लुगडी झटकली, सतरंजी झटकली. सुई नाही. कमलबाई म्हणाल्या, "जाऊ द्या वं, सुईच हाय." पण म्हणता म्हणता त्यांनी एकेकीच्या पदराकडे अशी नजर टाकली, की मला उगाच माझाच पदर चाचपावासा वाटला. कमलबाई पोलीसपाटील आबासाहेबांच्या घरच्या. गावात काही हरवलं की अर्धी चौकशी त्यांच्या डोळ्यांतच होऊन जायची.

हे संक्रांतीच्या आधीचं. आम्ही बोरीकर तेव्हा नुकतेच हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो होतो. गेलो म्हणजे बसल्या जागेवरून गेलो. ढाळज तीच, सतरंजी तीच. पण नव्या राज्यात परभणीला बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन भरणार होतं, आणि जिंतूरहून येणाऱ्या ग्रामसेविका बाईंनी आमच्या महिला मंडळाचं नाव त्यात घालून टाकलं होतं. त्यांनीच मॅटी नावाचं जाळीदार कापड आणलं, रंगीत दोऱ्यांच्या लच्छ्या आणल्या आणि फुलीचा टाका शिकवला. एक तिरपी तार, तिच्यावर दुसरी तिरपी तार, झाली फुली. अशा फुल्या मांडत गेलं की राघू होतो, कळस होतो, सुगडं होतं.

पहिल्या दिवशी बायका हसल्या. "बाई, हे तर आमी कणगीवर काढताव!"

खरंच होतं ते. आमच्याकडे धान्याची कणगी भरली की तोंड शेणामातीनं लिंपतात, आणि त्यावर घरची सासू चुन्यानं फुली काढते. कुणी चोरून कणगी फोडली, दाणे काढले आणि पुन्हा लिंपून नवी फुली काढली तरी सासूला ओळखू येते. कारण प्रत्येकीची फुली वेगळी. कुणाची आधी उजवी रेघ, कुणाची आधी डावी, कुणाची शेवटाला वळणारी. सुनांचं निम्मं आयुष्य त्या फुलीच्या धाकात जातं. सेविका बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या आपल्या सांगत राहिल्या, "सगळ्यांची वरची तार एकाच बाजूला पडली पाहिजे हं, नाहीतर काम खरखरीत दिसतं."

बायका फुल्या घालायच्या, आणि पुढचं माझ्याकडे यायचं. काम उलटं करून इस्त्री करायची, कडा कापायच्या, अस्तर लावायचं, गोट घालून बटवा करायचा. बारीक तुकड्यांची तिळगुळाची कार्डं व्हायची. पुठ्ठ्याला खिडकी कापून मागून तुकडा चिकटवायचा, खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. उरल्या तुकड्यांत कापूस भरून तोरणाला लटकवायची सुगडं. मला हे कुणी शिकवलं नाही. माहेरचा एक जुना बटवा होता, तो उसवून बघितला आणि पुन्हा शिवला. दोनदा बिघडला, मग जमला. ज्यांना सुई ओवता येत नाही त्यांच्यासाठी मी सकाळीच सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायची. कस्तुराबाईंची ती त्यांतलीच एक.

सुई गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मी कोनाड्यातलं गाठोडं सोडलं. बायका आपापलं झालेलं काम त्यात आणून टाकायच्या. कमलबाई आणि कस्तुराबाई शेजारीच होत्या. पांढऱ्या तुकड्यांमधून एक पिवळट, धुरकटलेला तुकडा निघाला. समोरासमोर दोन राघू, मध्ये आंब्याचं पान.

कस्तुराबाईंनी आधी तोंडावर हात ठेवला. मग मी नीट बघितलं.

दोन्ही राघूंना डोळे होते.

आता हे बोरीत कुणाला सांगावं लागलं नसतं, पण तुम्हाला सांगते. तो तुकडा दैवशालेचा. दैवशाला म्हणजे पारूकाकूंची सून. तिचं माहेर पूर्णेचं. तिथं रेल्वेच्या कुणा साहेबाच्या बायकोनं वस्तीतल्या पोरींना हा टाका शिकवला होता, म्हणून आमच्या कितीतरी आधीपासून तिला तो येत होता. लग्न होऊन आली तेव्हा तिनं नवऱ्यासाठी, मुंजाजीसाठी, पानाची चंची करायला घेतली. रझाकारीचं साल होतं. मुंजाजी एका पहाटे सरहद्दीपल्याडच्या, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघाला. जाताना म्हणाला, आण ती चंची. ती म्हणाली, एका राघूचा डोळा राह्यलाय, एकच फुली. तो हसला. म्हणाला, ऱ्हाऊ दे, आल्यावर माझ्यासमोर भर.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कॅम्पातली माणसं आपापल्या गावी आली. मुंजाजी आला नाही. मेल्याचीही बातमी आली नाही. तो आंधळा राघू पारूकाकूंच्या घरात देवळीशेजारच्या खुंटीला टांगलेला राहिला, आणि "मुंजाजी कुठं हाय?" असं कुणी विचारलं तर गाव म्हणायचं, "गेल्याला हाय." कुठं, हे कुणी म्हणायचं नाही.

दैवशालेला कुंकू लावायचं की नाही, यावर आम्ही बायकांनी न बोलताच एक तोड काढली होती. हळदीकुंकवाला तिला पहिली बसवायची नाही, शेवटची बसवायची नाही. मधे कुठंतरी, घाईघाईनं, दुसरीशी बोलत बोलत बोट टेकवायचं. ओटी भरायची, पण नारळ न देता खोबऱ्याची वाटी द्यायची. तिला ते कळत नव्हतं असं नाही. वाटी पदरात घेऊन ती नेहमी म्हणायची, "बरं झालं, फोडायचा ताप न्हाई."

आणि आता त्या राघूला डोळा फुटला होता. नव्या लाल दोऱ्याचा. बाकी सगळं काम धुरानं विटलेलं, आणि मधे ही एक फुली ताज्या जखमेसारखी लाल.

"भरला," कमलबाई म्हणाल्या. "भरलाच शेवटी तिनं."

"कोणी?" मी विचारलं.

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नका, नर्मदाबाई. तिचा भाऊ येऊन गेला न्हाई का दिवाळीत?"

भाऊ म्हणजे भुजंग. तो दिवाळीत स्थळ घेऊन आला होता. पूर्णेचा राधाकिशन, रेल्वेत पाइंटमन, बायको बाळंतपणात गेलेली, एक लेकरू. आमच्या शेतकरी माणसांत विधवेचा पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. पण विधवेचा. नवरा नुसता 'गेल्याला' असलेल्या बाईचा कसा लागावा? सासूनं एकदा पंचांसमोर म्हणावं लागतं की माझा मुलगा नाही. भुजंगानं तेवढंच मागितलं होतं. पारूकाकू उठून आत गेल्या होत्या. भोगीच्या दिवशी पुन्हा येतो, म्हणून तो परत गेला.

"म्हंजे हिनं आपल्या हातानं डोळा भरला अन् गाठोड्यात सरकवला," कमलबाई म्हणाल्या. "म्हंजे तुमी अस्तर लावून मोकळ्या. चंची झाली, वाट बघनं बी झालं. सासूला तोंड उघडायचं कामच न्हाई."

कस्तुराबाईंनी माझ्याकडे वाकडी नजर केली. "गाठोडं नर्मदाबाईच्याच कोनाड्यात असतंय पर."

"म्हंजे?"

"म्हंजे काय न्हाई. कोनाड्यात असतंय, इतकंच म्हन्ले."

बघा! आणि मी ह्या कस्तुराबाईंसाठी रोज सुया ओवत होते.

त्या दिवसापासून ढाळजेत बसणं अवघड झालं. जी ती दुसरीच्या हाताकडे बघायची. लाल लच्छी कुणाकडे जास्त संपली, कोण संध्याकाळी मागं रेंगाळली, दैवशालेशी कोण हळू बोललं. कमलबाई लच्छ्या मोजायला लागल्या. एक बाई तर म्हणाली, दैवशालेला कुंकवाचा हक्क आता कशाचा, डोळा भरला म्हणजे कबूलच केलं की तिनं! आणि हे सगळं अशा बेताच्या आवाजात, की वाती वळणाऱ्या पारूकाकूंना ऐकू जाऊ नये. पारूकाकूंच्या डोळ्यांत फूल पडत चाललं होतं, नजर अंधुक झाली होती, कान मात्र शाबूत होते. त्या रोज यायच्या, खांबाला टेकून बसायच्या, कापसाची पाटी मांडीवर. सुनेवर पहारा ठेवायला येतात, असं सगळ्या धरून चालायच्या. मीही.

मी तो तुकडा दैवशालेला दाखवला. ती आमच्या न्हाणीशी खळीची भांडी घासत होती. तिनं राखेचे हात मागं धरले आणि नुसती मान पुढं करून बघितलं.

"खुंटीवरून कवा गेला हे मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "मी त्या भितीकडं बघतच न्हाई, काकू. झाले लय दिवस."

"डोळा कोणी भरला?"

"म्या न्हाई."

"दैवशाले, मी कुणाला सांगत न्हाई."

"म्या न्हाई म्हन्लं ना! ह्यो टाकाच माझा न्हाई. बघा की. माझी वरची तार अशी जाती, उजवीकडं वर. ही डावीकडं वर हाय. उलटी."

होती खरी उलटी. पण शक मोठा वाईट. मला वाटलं, उलटी फुली घालायला असा कितीसा वेळ लागतो? ज्या बाईला टाका येतो तिला तो चुकवताही येतो. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण ती भांड्याकडे वळता वळता थांबली.

"काकू, एक विचारू? तुमीच तर न्हाई भरला? माझी कीव येऊन?"

म्हणजे तिलाही माझा शक. बरं, माझ्या मनात कीव नव्हती असंही नाही. तिशीच्या आत होती ती, आणि उन्हाळ्यात पायरीवर एकटी बसून पूर्णेकडे जाणाऱ्या मोटारीचा धुरळा बघताना मी तिला बघितलेलं होतं.

मग मी आपली गुपचूप सगळ्यांच्या फुल्या तपासू लागले. काम माझ्याकडेच यायचं, त्यामुळे सोपं होतं. कस्तुराबाईंच्या फुल्या सैल, पण बाजू बरोबर. कमलबाईंच्या इतक्या आवळ की कापड गोळा होतं, पण बाजू बरोबर. सेविका बाईंनी सगळ्यांना घोकूनच घेतलं होतं. उलटी तार कुणाचीच नव्हती. मला रात्रंदिवस फुल्या दिसायला लागल्या. भाकरीवरच्या फोडांतही मी बाजू बघायची.

भोगीच्या आदल्या दिवशी मी पारूकाकूंकडे पाटीभर हरभऱ्याची भाजी घेऊन गेले. खरं सांगायचं तर ती खुंटी बघायला गेले. खुंटी रिकामी होती, खाली भिंतीवर तुकड्याएवढा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. पारूकाकू म्हणाल्या, "बस, नर्मदे. दैवशाला पान्याला गेली." मी बसले, कणगीला पाठ लावून. उठताना हात टेकायला मागं वळले, आणि हात तसाच राहिला.

कणगीच्या तोंडावर चुन्याची फुली होती. चुन्यात वरची रेघ कोणती ते स्पष्ट दिसतं, खालच्या रेघेला ती ओरबाडून जाते. वरची रेघ डावीकडं वर गेली होती.

पारूकाकू फुलीचा टाका शिकल्याच नव्हत्या. त्यांना वाकळीचा धावदोरा तेवढा यायचा. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की वरची तार कुठल्या बाजूला पडली पाहिजे. आणि मला एकदम सुचलं, जिला डोळ्यांनी दिसतं ती दोरा चोरील, सुई चोरील. ओवलेली सुई कोण चोरतं? जिला ओवता येत नाही ती.

मी म्हटलं, "येते, पारूकाकू."

त्या म्हणाल्या, "कणगी पुसू नको हातानं. चुना लागंल."

घरी येईपर्यंत मी स्वतःलाच सांगत होते की असं नसेल. आंधळेपणानं, सवयीनं, चुकून भरला असेल. पहारा ठेवणारी बाई कुलूप आपल्या हातानं कशाला काढील? आणि हे मी कुणाला सांगायचं? सांगितलं तर पारूकाकूंना तोंडघशी पाडलं, न सांगितलं तर दैवशालेवरचा आळ तसाच. मी तुकडा उशाशी घेऊन बसले आणि अस्तर काही लावलं नाही.

भोगीच्या दिवशी दुपारी सगळं सामान बांधायचं होतं. बटवे एका रांगेत, कार्डं दुसऱ्या, सुगड्यांचं तोरण दाराला टांगून बघितलेलं. ते दिसत होतं मात्र झक्क. बायका तिळाच्या भाकरी खाऊन आलेल्या, हातांना तिळाचा वास. भुजंग आला होता. पायरीवर बसून टोपी गुडघ्यावर ठेवून वाट बघत होता, आणि बहीण त्याच्याकडे पाठ करून कार्डं मोजत होती. पारूकाकू खांबाशी, कापसाची पाटी मांडीवर.

कमलबाईंनी मुद्दाम माझ्यासमोर हात पसरला. "ते राघूचं काय केलं, नर्मदाबाई? घालताव का परदर्शनात? लोकं इच्यारतील, कोणी केली चंची. काय सांगायचं?"

दैवशालेचा हात कार्डांवर थांबला.

"सांग की गं बये," कमलबाई तिच्याकडे वळल्या. "तुझी हाय. डोळा भरलास, जीव मोकळा केलास. निस्तं तोंडानं म्हण, म्हंजे आमाला बी कळंल तुला वाण द्यायचं का न्हाई उद्या."

"म्या न्हाई भरला," दैवशाला म्हणाली. आवाज चढला नाही. "मला जायाचं असतं तर मी दिवसाढवळ्या मोटारीत बसून गेले असते. आत्याबाईला, सासूला, टाकून कसं जायाचं म्हणून न्हाई गेले. देवाची आण घेते."

"आण कोण बी घेतंय."

भुजंग उठला. "पाटलीणबाई, तुमी—"

"तू बस," पारूकाकू म्हणाल्या.

तो बसला. आम्हीही, उभ्या होतो त्या बसलो.

पारूकाकूंनी पाटीतल्या कापसात बोटं घातली, चाचपडली, आणि एक सुई काढली. तिच्या नेढ्यात लाल दोऱ्याचा बोटभर तुकडा अजून होता. ती त्यांनी अंदाजानं कस्तुराबाईंच्या दिशेनं धरली.

"ही घे बाई तुझी सुई. रोज कानावर आदळायलाय तुझं. कंटाळा आला."

कस्तुराबाईंनी सुई घेतली. दोरा तोच आहे ना, ते बघून पदराला टोचली.

"नर्मदे, आण तो कपडा हिकडं."

मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला, पहिल्या राघूवर, पानावर, दुसऱ्या राघूवर, आणि त्या नव्या फुलीवर थांबल्या. जुना दोरा बसून गेलेला होता. ती एकटी वर आलेली, बोटाला लागत असणार.

"वाकडी आली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, काकू," मी म्हटलं. "उलटी हाय जरा. वाकडी न्हाई."

"आत्याबाई," दैवशाला म्हणाली, आणि तिनं हातातली कार्डं खाली ठेवली.

पारूकाकूंनी तिच्याकडे बघितलं नाही. पायरीच्या दिशेनं तोंड केलं. "भुजंगा. तुमचा त्यो पाइंटमन पान खातो का?"

भुजंग गोंधळला. "खातो, मावशी. जेवल्यावर."

"मग अस्तर जाड लाव, नर्मदे. चुन्याचे डाग पडत्यात. आन् नाडा आवळ नको, गाडी आली म्हंजे त्याला घाई असंल."

मी मान हलवली. त्यांना दिसली नसेल, म्हणून "बरं" म्हणाले. कमलबाईंनी पदर सावरला. बोलणं त्यांच्या हातून निसटत होतं आणि ते त्यांना सोसत नव्हतं.

"पारूकाकू, आवं पर असं कसं? उद्या मुंजाजी आला म्हंजे—"

"मुंजाजी येत न्हाई," पारूकाकू म्हणाल्या. त्यांचा अंगठा अजून त्या डोळ्यावर होता. "कॅम्पातली माणसं आली त्याच सालच्या दिवाळीपासून मला ठावं हाय. ही बी गेली तर घरात कोणी ऱ्हात न्हवतं, म्हणून तोंड दाबून बसले. मेला माझा मुंजाजी."